शेंडेनक्षत्र आणि राजापूरचा खरवस

गिरगाव, मुंबई
१८ ऑगस्ट १९८५

ती. धोंडूबायस,
धाकट्या आत्मारामचा शिरसाष्टांग नमस्कार.

पत्र वाचून दाखवणाऱ्या हिराने आधी घोटभर पाणी प्यावं, कारण बातमी मोठी आहे. बाय, तो परत येतोय. आपण लहान असताना बाबांनी जयगडच्या वाळूत उभं करून दाखवला होता, तोच धूमकेतू. आपण त्याला शेंडेनक्षत्र म्हणायचो, पेपरवाले हॅलेचा धूमकेतू म्हणतात. त्याची शहात्तर वर्षांची फेरी असते, हे केरू मास्तरांनी तेव्हाच सांगितलं होतं. मास्तर गेले, बाबा गेले, इंग्रज गेले, हा मात्र वेळेवर निघाला.

तुला ठाऊक आहे, त्या संध्याकाळपासून माझी मान जी वर गेली ती खाली आलेली नाही. प्रेसमध्ये खिळे जुळवताना चंद्रावर माणूस उतरल्याची बातमी मी स्वतःच्या हाताने लावली आणि आनंदाच्या भरात ‘चंद्र’ उलटा लावला. रशियाने पहिला उपग्रह सोडला तेव्हा अख्ख्या चाळीला गच्चीवर नेऊन मी तो दाखवला. ते विमान निघालं, पण लोक खूश होऊन घरी गेले. गेल्या वर्षी आपला माणूस वर जाऊन आला, तेव्हा मी पेढे वाटले आणि सूनबाई विचारत होती, कोणाला मुलगा झाला.

पण हे सगळं बाजूला. बाबा काय म्हणाले होते, आठवतं ना? “पुढच्या खेपेला मी नसेन. तुम्ही दोघांनी बघा, माझ्या वाटचं पण बघा.” बाय, ती खेप आली. आणि तू म्हणे हल्ली तुळशीला पाणी घालायला जातेस आणि मांजराला आंघोळ घालतेस. मोतीबिंदू काढून घे. आजकाल रत्नागिरीला शिबिरं भरतात. शिमग्यापर्यंत नवे डोळे लावून तयार राहा.

तुझा,
आत्माराम


जयगड
३ सप्टेंबर १९८५

चि. आत्माराम यास,
अनेक आशीर्वाद.

(ऐंशी ओलांडलेल्या माणसाला चिरंजीव लिहू का, असं मी विचारलं. सासूबाई म्हणाल्या, माझ्यापेक्षा लहान आहे तोवर लिहायचं. — हिरा)

तुझं पत्र पोचलं. तुझ्या आकाशातल्या बातम्यांवर विश्वास ठेवायचा मी सोडलाय. सहा वर्षांमागे असंच पत्र आलं होतं तुझं, अमेरिकेचं स्कायलॅब नावाचं यंत्र वरून पडणार, कुठे पडेल सांगता येत नाही, सांभाळून राहा. आम्ही कसे सांभाळून राहणार? वाडीतल्या सगळ्यांनी ठरवलं, मरायचंच आहे तर खाऊन मरू. मी दोन कोंबडे आणि एक अंडी घालणारी कोंबडी कापली. यंत्र पडलं ऑस्ट्रेलियात. माझी कोंबडी कोण परत देणार, तू की अमेरिका?

डोळ्याचं म्हणशील तर मला जे बघायचं होतं ते बघून झालंय. खालच्या वाडीतल्या जनीने डोळा कापून घेतला. पट्टी सोडल्यावर पहिलं काय दिसलं, तर सुनेचं तोंड. काय मिळवलं तिने?

(हे मी अक्षर न अक्षर लिहिलंय, मामा. माझं मन मोठं आहे. — हिरा)

आणि शेंडेनक्षत्र मी एकदा पाहिलंय. सूर्य बुडाला तिथेच, खाडीच्या तोंडावर, उलटी धरलेल्या केरसुणीसारखं लख्ख उभं होतं. आंधळ्यालाही दिसलं असतं. परत बघून काय वेगळं दिसणार आहे?

तुझी बाय,
धोंडूबाय

(मामा, हे खाली मी माझ्या मनाचं लिहिते, त्यांना ठाऊक नाही. तुमचं पत्र मला त्यांनी चार वेळा वाचायला लावलं. ‘माझ्या वाटचं पण बघा’ तिथे आल्या की दर वेळी पदर डोळ्याला लावतात आणि म्हणतात, धूर फार झालाय. चूल विझलेली असते. त्यांना बघायचंय हो, नुसत्या सुरीला घाबरतात. गोड बोलून काही होणार नाही. तुम्ही त्यांना चिडवा.)


गिरगाव
६ ऑक्टोबर १९८५

ती. बायस,
सा. न.

गणपतीला येववलं नाही, गुडघे बोलतात. तुझं पत्र वाचलं आणि मनावरचं ओझं उतरलं. तुला बघायचं नाही म्हणतेस, उत्तम. म्हणजे आपल्या घराण्यात, कदाचित सगळ्या रत्नागिरी जिल्ह्यात, शेंडेनक्षत्र दोनदा पाहिलेला माणूस मी एकटाच. लोक मला बघायला येतील. तू ओट्यावर बसून त्यांना माझ्या घराचा पत्ता सांगत जा.

तसं बघितलं तर पहिल्या वेळीही ते खरं मीच पाहिलं. बाबांच्या खांद्यावर मी होतो. तू खाली वाळूत उभी होतीस आणि पुढे वाडीतल्या माणसांची गर्दी, तुला त्यांच्या पाठी दिसल्या असतील. मला अजून सगळं डोळ्यांसमोर आहे. थंडी मी म्हणत होती, दात वाजत होते, बाबांनी सुक्या झावळ्यांची शेकोटी केली होती, आणि तू घोंगडीचं टोक जाळलंस म्हणून आईकडून धपाटा खाल्लास.

तुझा दोनवेळचा साक्षीदार,
आत्माराम


जयगड
१७ ऑक्टोबर १९८५

चि. आत्माराम,
आशीर्वाद. (हे आज कसंबसं सांगितलंय. — हिरा)

मेल्या, खांद्यावर मी होते. माझे पाय बाबांच्या छातीवर होते आणि त्यांच्या अंगाला सुक्या मासळीचा वास येत होता, तो मला आत्ता येतोय. तू शेकोटीपाशी आईच्या मांडीवर घोंगडीत गुंडाळलेला होतास. बाबा तुला हाक मारत होते, तर तू डोळे मिटून भोकाड पसरलंस, कारण तुला ती आकाशातली केरसुणी मारायला येते असं वाटलं. घोंगडी जळली ती तुझ्या लाथांनी. धपाटा मी खाल्ला, हे खरं. तो शहात्तर वर्षं मला लागतोय.

रडका तू तेव्हापासूनच. त्याच वर्षी वैशाखात आईने कसल्याशा भीतीने आपल्याला आतल्या खोलीत कोंडलं होतं, तर घामोळ्याने अंग खाजवून खाजवून तू वाडी डोक्यावर घेतलीस. आणि हा म्हणे साक्षीदार.

माझ्या लेकाला, महिपतला सांगून शिबिरात नाव घातलंय. दिवाळीनंतर आहे. मी डोळा कापून घेते आणि बाबांचं शेंडेनक्षत्र बघते. तुझ्यासाठी नाही, बाबांनी सांगितलं होतं म्हणून. ते बाबांचं नसतं तर मी या वयात सुरीखाली मान दिली नसती, एवढं लक्षात ठेव.

धोंडूबाय

(मान नाही, डोळा, असं मी सांगितलं. त्या म्हणाल्या, लिही तू. मामा, जमलं. — हिरा)


गिरगाव
२४ नोव्हेंबर १९८५

चि. सौ. हिरास,
आशीर्वाद.

हे पत्र तुझ्या नावाने पाठवतोय. सासूबाईंना वाचून दाखवू नकोस.

काल धूमकेतूवर व्याख्यान होतं. मी इस्त्रीचा कोट घालून पहिल्या रांगेत. शेवटी त्यांनी विचारलं, कुणाला काही शंका? मी उभा राहिलो आणि म्हटलं, शंका नाही, मी हा पाहिलेला आहे. टाळ्या पडल्या हिरा, मागे बसलेले लोक मला बघायला उभे राहिले. माझ्या आयुष्यात मला पहिल्यांदा टाळ्या पडल्या.

मग व्याख्याते खाली उतरून आले. तरुण माणूस, अगदी नम्र. त्यांनी विचारलं, कुठला महिना होता आजोबा? मी म्हटलं, महिना कुठला आठवतोय, पण थंडी इतकी की शेकोटीला बसलो होतो. मग मला बाजूला घेऊन, कुणाला ऐकू जाऊ नये अशा बेताने त्यांनी सांगितलं. १९१० साली दोन धूमकेतू आले होते. एक जानेवारीत, कुणाला न कळवता, फार तेजस्वी, संध्याकाळी पश्चिमेला दिसायचा. सगळे हॅलेची वाट बघत होते म्हणून पुष्कळांनी त्यालाच हॅले म्हटलं. खरा हॅले आला तो एप्रिल-मेमध्ये. जानेवारीतल्याची फेरी हजारो वर्षांची, आपल्या हिशेबात तो काही परत येत नाही.

हिरा, तूच सांग, वैशाखात जयगडला कोण शेकोटी पेटवतं? मला त्या टाळ्या परत कराव्याशा वाटल्या. घरी येऊन जेवलो नाही. मोठा आकाशाचा जाणकार म्हणवतो आणि जन्मभर भलत्याच पाहुण्याची वाट बघत बसलो. वाईट वाटलं, खोटं कशाला सांगू.

पण माझं जाऊ दे. बायने लिहिलंय, ते बाबांचं नसतं तर सुरीखाली मान दिली नसती. तिला हे कळलं तर ती एस.टी.तून उतरून घरी चालत येईल. तेव्हा तोंड शिवून ठेव. डोळा होऊ दे. पुढचं पुढे बघू.

आत्माराम


जयगड
२० डिसेंबर १९८५

ती. मामांस,
हिराचा नमस्कार.

सासूबाईंचा डोळा झाला. उजवा. आधी डॉक्टरांना म्हणाल्या, याने शेंडेनक्षत्र दिसेल असं कागदावर लिहून द्या. डॉक्टर म्हणाले, आजी, आधी माझी बोटं दिसू देत. मग आत जाताना त्यांनी माझा हात जो धरला, त्याचे वळ मला दोन दिवस होते. आता हिरवी पट्टी बांधून ओट्यावर बसतात आणि येणाऱ्याजाणाऱ्याला सांगतात, बाबांचं शेंडेनक्षत्र बघायला डोळा करून घेतला. चष्मा पुढल्या महिन्यात मिळेल.

पण मामा, तुमच्या त्या पत्राने मला मेटाकुटीला आणलं. बाबल्या पोस्टमनने ओट्यावरूनच हाक मारली, हिरावहिनी, पत्र. सासूबाईंना दिसत नसलं तरी ऐकू सगळं येतं. कोणाचं गो? मी म्हटलं, माझ्या आईचं, राजापूरहून. म्हणाल्या, वाच बघू. आता काय वाचू? तुमचं पत्र समोर धरून मी मनाला येईल ते वाचत सुटले. सगळे बरे आहेत, सुपारी यंदा बरी आहे, पाऊस लांबला. एवढ्यावर थांबले असते तर बरं, पण पत्र दोन पानी आहे हे त्यांनी कागदाच्या आवाजावरून ओळखलं होतं. पान भरायला मी म्हटलं, गाय व्याली.

झालं. दुसऱ्या दिवसापासून विचारतायत, राजापूरहून खरवस कधी येणार? माझ्या माहेरी आता गाय नाहीच, दोन शेळ्या उरल्यात. शेवटी महिपतना सगळं सांगावं लागलं. त्यांनी रत्नागिरीहून येताना कुठल्याशा गवळ्याकडून चीक आणला, मी खरवस केला आणि राजापूरचा म्हणून वाढला. खाल्ला, पण परत मागितला नाही. मला खोटं पचत नाही मामा, आणि त्या रोज बाबांचं नक्षत्र, बाबांचं नक्षत्र करतात तेव्हा मी पाणी आणायच्या निमित्ताने विहिरीवर जाते. शिमग्याला तुम्ही स्वतः या आणि काय सांगायचं ते सांगा.

हिरा


गिरगाव
५ मार्च १९८६

ती. बायस,
सा. न.

नवा डोळा मुबारक. मी शिमग्याला येणार होतो, पिशवीसुद्धा भरली होती. पण जानेवारीत गच्चीवर धूमकेतू शोधायला गेलो, वर बघत जिना उतरलो आणि शेवटच्या तीन पायऱ्या एकदमच उतरलो. पाय प्लास्टरमध्ये आहे. धूमकेतू काही दिसला नाही. मुंबईच्या आकाशात नुसते दिवे. मला सूनबाईने गच्चीची बंदी केली आहे.

म्हणजे बाय, दोनदा बघणारा मी नव्हे. ते आता तुझ्याकडे आलं. आपल्या वाडीतला लवू शिमग्याला येतोय, त्याच्याबरोबर माझी दुर्बीण पाठवतोय. ही दुर्बीण मी आजवर कुणाच्या हातात दिलेली नाही, नातवालाही नाही. गळ्यात अडकवून मग बघ. शिमगा सुरू होतो त्या फाकपंचमीच्या आसपास चंद्र पहाटे नसतो. उजाडायच्या पुष्कळ आधी डोंगरमाथ्यावरच्या उघड्या सड्यावर जा, दीपगृहाचा झोत पाठीमागे ठेव आणि दक्षिण-पूर्वेला, हातभर उंचीवर शोध. मागच्यासारखा लख्ख नसेल, घाई करू नकोस.

आणि एक. जे दिसेल ते दिसेल तसं कळव. मला बरं वाटावं म्हणून काही लिहू नकोस. काही वेगळं दिसलं तर वेगळं कळव.

तुझा,
आत्माराम


जयगड
१८ मार्च १९८६

चि. आत्माराम यास,
अनेक आशीर्वाद.

अक्षर बघून दचकू नकोस, माझंच आहे. केरू मास्तरांकडे तिसरी पास झालेय मी. किती वर्षांनी पेन धरलंय, ओळी माडावर चढल्यासारख्या वर जातायत, त्या जाऊ देत. हिराला कंस घालायला जागा ठेवलेली नाही.

चष्मा आला. बाटलीच्या बुडाएवढा जाड आहे. घातल्यावर पहिलं काय दिसलं, तर सुनेचं तोंड. बरी आहे. केस पांढरे झालेत तिचे, मला कुणी सांगितलंच नव्हतं.

आता सड्याचं. फाकपंचमीच्या दुसऱ्या दिवशी पहाटे गेलो, मी, हिरा, महिपत आणि लवू. होळीसाठी पोरांनी जमवलेल्या लाकडांच्या ढिगाला टेकून मला बसवलं. पुष्कळ वेळ काही दिसेना. लवू दर ताऱ्याला ‘हाच हाच’ म्हणत होता, तुझ्या चाळीत राहून राहून तुझ्यावर गेलाय. मग महिपतने दुर्बीण नीट धरली आणि ते सापडलं. पिंजलेल्या कापसाचा पुंजका, त्याला वर एक फिकट धागा. सरळ बघितलं की जायचं, जरा बाजूला बघितलं की यायचं. हिरा माझ्या तोंडाकडे बघत होती, मला ते आता दिसतं. मी म्हटलं, हे ते नव्हे.

तर ही बाई रडायलाच लागली. मग सगळं सांगितलं, तुझं व्याख्यान, जानेवारी, सगळं. मला संशय होताच. राजापूरच्या खरवसात साखर होती. हिराच्या माहेरी खरवस गुळाचाच होतो, तिच्या लग्नापासून खातेय मी. तेव्हाच कळलं की ते पत्र आईचं नाही, आणि बाईच्या जातीला जमणार नाही इतकं वाईट खोटं बोलायला हिला तूच शिकवलंयस. पण मी बोलले नाही. मला वाटलं तुझी तब्येत बरी नाही आणि ती माझ्यापासून लपवतायत. म्हणूनच तो खरवस मी परत मागितला नाही रे. नुसता धूमकेतूच बदलला म्हटल्यावर मी देवाला हात जोडले.

हिराला वाटलं मी चिडेन. मी कशाला चिडू? आत्मा, तू एवढे पेपर वाचलेस आणि तुझ्या ध्यानात कसं आलं नाही? वैशाखात आईने आपल्याला आतल्या खोलीत का कोंडलं होतं? शेंडेनक्षत्राच्या शेपटीत विष आहे, ते पोरांच्या अंगाला लागेल, अशी आवई उठली होती. बाबा हसले होते, पण तिच्यापुढे त्यांचं काही चाललं नाही. तिने खिडकीला गोणपाट ठोकलं. तू घामोळ्याने रडत होतास आणि ती रात्रभर बसून आपल्या दोघांना सुपाने वारा घालायची, झोपली नाही बिचारी. माझ्या मनात ती नुसती उकाड्याची आठवण होती. शेंडेनक्षत्राशी तिचा संबंध मी कधी लावलाच नव्हता. सड्यावर बसल्या बसल्या लागला. आपण आत घामाने भिजत होतो तेव्हा हे बाहेर होतं.

म्हणजे ते बाबांनी दाखवलेलं होतं, आणि हे आईने लपवलेलं. मला दोन्ही दिसली. तुझं एकच झालं, तेही डोळे मिटून रडत. दोनदा तेच बघणारा जिल्ह्यात कोणी असेल तर असो.

तुझा पाय सुटला की ये. दुर्बीण मी परत पाठवत नाही, तूच न्यायला ये. एक कोंबडा राखून ठेवलाय. आकाशातून काही पडणार नसलं तरी कापू.

एक सांगायचं राहिलं. निघताना महिपत मला उठवत होता, पूर्वेला फटफटायला लागलं होतं आणि तो पुंजका विरत चालला होता. मी परत एकदा बघितलं, आईच्या वाटचं. आणि मोठ्याने म्हटलं. पोरांना वाटलं म्हातारी बरळतेय, पण मला म्हणायचंच होतं. म्हटलं, “आये, गोणपाट काढ आता. काय होत नाय.”

तुझी,
बाय